आई-वडिलांचं वय वंदना कार्ड: खान्देशातल्या घरांसाठी माहिती

घरात सत्तरी ओलांडलेले आई-वडील असतील, तर मोफत उपचारासाठीचं त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड ते हिंडते-फिरते असतानाच काढून घ्या. माणूस खाटेवर पडल्यावर ओटीपी कुणाच्या मोबाइलवर गेला हे शोधत बसण्याची वेळ कुणावरच येऊ नये.

अट एकच, आधारनुसार वय 70 पूर्ण हवं. उत्पन्न किंवा रेशनकार्डाचा रंग कोणी विचारत नाही. बागायतदार, सालदार, निवृत्त गुरुजी, सगळे पात्र. ऑक्टोबर 2024 पासून ही सोय सुरू आहे. वर्षाला 5 लाखांपर्यंतचा उपचार मोफत मिळतो, पण दोघंही सत्तरीपुढचे असतील तर हे 5 लाख दोघांत मिळून. घर आधीच आयुष्मान भारतमध्ये असलं तरी ज्येष्ठांची ही रक्कम वेगळी राहते. जुना मधुमेह, बीपी असला तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. खासगी विमा किंवा ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) असेल तरी चालतं. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असेल, तर मात्र ती योजना किंवा हे कार्ड, यांपैकी एकच निवडावं लागतं.

कागद म्हणाल तर फक्त आधार. ‘आयुष्मान’ अ‍ॅपवर घरीच अर्ज करता येतो, नाहीतर ऑनलाइन सरकारी कामं करून देणाऱ्या सीएससी केंद्रात जा किंवा गावातल्या आशाताईंना विचारा. ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) आणि फोटो झाला, मंजुरी आली, की कार्ड डाउनलोड करायचं.

गाडी अडते ती ई-केवायसीत. जन्मभर कापूस वेचलेल्या, केळीचे घड वाहिलेल्या बोटांवर रेघा उरलेल्याच नसतात. अंगठा पुसून पुसून ठेवला तरी मशीन घेत नाही. आईला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. तिचं काही चुकलेलं नसतं. ओटीपी किंवा चेहऱ्याची पडताळणी हे दोन्ही पर्याय आहेत, ते मागून घ्या. ओटीपीसाठी आधारला चालू नंबर जोडलेला हवा. बंद पडलेलं जुनं सिम असेल तर आधी आधार केंद्र गाठा. जन्मतारीख चुकली असेल तर पुराव्यासह तीही तिथेच दुरुस्त करा.

आपल्याकडची कितीतरी मुलं सुरतला कामाला आहेत आणि म्हातारपणी आई-वडील तिकडे जाऊन राहतात. हे कार्ड तिथल्या योजनेतल्या रुग्णालयातही चालतं. मला याचा सगळ्यात मोठा आधार वाटतो.

सत्तरीच्या आतल्यांना मोफत उपचारासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधार लागतं. आता पांढरं कार्डही चालतं. आईचं नाव रेशनकार्डावर आहे ना आणि आधारशी जुळतंय ना, हे आजच काढून बघा. रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्र गाठायचा. कागद तपासून ऑनलाइन मंजुरी मागवण्याचं काम तोच करतो. तातडीच्या वेळी मात्र कागदांसाठी थांबू नका, 108 ला फोन करून आधी दवाखाना गाठा.

दोन्ही योजना रुग्णालयात भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहेत. रोजच्या गोळ्या, बाहेरून केलेल्या तपासण्या यात बसत नाहीत. बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवून ठेवा.

आणि भरती करण्याआधी, दवाखाना योजनेत आहे का एवढंच विचारून थांबू नका. ज्या ऑपरेशनसाठी नेताय, ते तिथे योजनेतून होतं का हेही विचारा. वय वंदनेसाठी 14555 आणि फुले योजनेसाठी 155388 या नंबरवर तशी चौकशी करता येते, पैसे मागितले तर तक्रारही.