बांधकाम परवानगी (महाराष्ट्र)

जमीन स्वतःच्या मालकीची असली, तरी तिच्यावर काय बांधायचे, किती उंच बांधायचे आणि हद्दीपासून किती अंतर सोडायचे, यासाठी नियोजन प्राधिकरणाची लेखी मंजुरी लागते. हीच बांधकाम परवानगी. तिचा मुख्य आधार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा असून जाहिरात फलक आणि वाहनतळाचे निर्णयही तिच्याशी जोडलेले आहेत. शहरात महानगरपालिका किंवा नगरपरिषद, पुण्याभोवती पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि प्रादेशिक योजनेतील ग्रामीण भागात प्रामुख्याने जिल्हाधिकारी ही परवानगी देतात.

विकास योजना आणि झोन

मुंबई इलाख्यात १९१५ साली देशातला पहिला नगररचना कायदा झाला. पुढे १९५४ च्या कायद्याने संपूर्ण शहराची विकास योजना तयार करण्याची पद्धत आणली आणि १९६६ च्या कायद्याने तिला आजचे रूप दिले. लोकांच्या तोंडचा ‘डीपी’ (डेव्हलपमेंट प्लॅन) म्हणजे हीच विकास योजना. नकाशावर निवासी विभाग पिवळा, तर शेतीचा हिरवा असतो, म्हणून जमिनीच्या व्यवहारात ‘यलो झोन’ आणि ‘ग्रीन झोन’ हे शब्द रुळले आहेत. जमीन कोणत्या विभागात येते हे सांगणाऱ्या झोन दाखल्यातल्या एका ओळीवर गुंठ्याचा भाव कित्येक पटींनी बदलतो.

शाळा, मैदान, रस्ता यांसाठी जागा याच योजनेत आरक्षित होतात. दहा वर्षांत आरक्षित जागा संपादित झाली नाही, तर मालक कलम १२७ खाली खरेदी सूचना, म्हणजे जागा घ्या अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. मोकळ्या मैदानाच्या जागी अचानक इमारत उभी राहते, त्यामागे अनेकदा हीच मुदत टळलेली असते.

परवानगीची प्रक्रिया

मालक सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा आणि वास्तुविशारदाने काढलेले आराखडे घेऊन कलम ४४ खाली अर्ज करतो. तपासणी मुख्यतः चटई क्षेत्र निर्देशांक म्हणजे एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण), सामासिक अंतरे (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), उंची, समोरच्या रस्त्याची रुंदी आणि पार्किंग यांची होते. मंजुरीनंतर प्रारंभ प्रमाणपत्र (सीसी), जोत्यापर्यंत काम आल्यावर जोते तपासणी आणि शेवटी इमारत वापरण्याची मंजुरी देणारे भोगवटा प्रमाणपत्र (ओसी), असा क्रम आहे. परवानगी एक वर्ष चालते. तिला दरवर्षी मुदतवाढ घेता येते, पण जास्तीत जास्त तीन वर्षे.

साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. या तरतुदीवर विसंबून बांधकाम सुरू करणाऱ्यांनी तिची अट नीट वाचावी: प्रस्ताव विकास योजनेशी आणि नियमांशी तंतोतंत जुळत असेल, तरच ही मानीव परवानगी टिकते.

डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतांश भागाला एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. मुंबई महानगरपालिका क्षेत्र तिच्यातून वगळले असून तिथे २०३४ च्या विकास योजनेची स्वतंत्र नियमावली चालते.

शेजाऱ्याचे स्थान

या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव इथे आहे. परवानगी नाकारली किंवा अटींसह दिली, तर अर्जदाराला ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. शेजारच्या इमारतीमुळे ज्याचा उजेड-वारा अडतो, त्याला मात्र असे अपील नाही. त्याच्यासमोर तक्रार अर्ज आणि न्यायालय एवढेच उरते. नागरिकांसाठी कायद्याने दार उघडले आहे ते त्याआधी, प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा. त्या दाराला बळ आहे, हे मुंबईने २०१५ मध्ये दाखवले. प्रारूप योजनेवर हजारो हरकती आल्या, शासनाला ती पालिकेकडून दुरुस्त करून घ्यावी लागली आणि सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले.

वाहनतळ

किती सदनिकांमागे किती गाड्यांची जागा, हे नियमावलीतले कोष्टक ठरवते. गणित सदनिकेच्या चटई क्षेत्रावर चालते. एका मोटारीसाठी २.५ मीटर बाय ५ मीटर जागा धरतात. ही जागा नकाशावर दाखवली नाही तर प्लॅन पास होत नाही. पण पुढे तिच्यावर मालकी कोणाची, हा वाद वर्षानुवर्षे धुमसत होता. दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले, की इमारतीखालचे स्टिल्ट पार्किंग हे सदनिका किंवा गॅरेज नव्हे. ते सामाईक क्षेत्र असून बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही.

जाहिरात फलक

होर्डिंग हेही बांधकामच आहे. त्याला पाया लागतो, वाऱ्याचा दाब सोसावा लागतो. महानगरपालिका अधिनियमाखाली आकाशचिन्ह (इमारतीवर आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा फलक) आणि जाहिरातींना आयुक्तांची लेखी परवानगी लागते, तसेच सांगाड्याच्या स्थैर्याचे प्रमाणपत्रही. अडचण येते ती एका शहरात अनेक जमीनमालक असल्यामुळे. पुण्याच्या जुना बाजार चौकात ऑक्टोबर २०१८ मध्ये रेल्वेच्या जागेतला सांगाडा उतरवताना कोसळून चौघांचा जीव गेला. घाटकोपरच्या छेडानगरात १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळले आणि १७ जण मृत्युमुखी पडले. ते लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील जागेवर होते. महापालिकेच्या म्हणण्यानुसार त्याला तिची परवानगी नव्हती. पालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची असताना त्याचा आकार १२० बाय १२० फूट होता. जमीन कोणाचीही असो, फलकाच्या सुरक्षिततेची जबाबदारी एकाच यंत्रणेकडे हवी, ही मागणी रास्त आहे.

अनधिकृत बांधकाम

परवानगीविना किंवा तिच्याबाहेर जाऊन केलेल्या कामावर १९६६ च्या कायद्याच्या कलम ५२ ते ५४ खाली खटला, पाडकामाची नोटीस आणि काम थांबवण्याचा आदेश अशी कारवाई होते. ठाणे जिल्ह्यात शिळफाटा येथे ४ एप्रिल २०१३ रोजी अशीच बेकायदा इमारत कोसळून ७० हून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमधील मंजुरीबाहेरचे मजले नियमित करण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. तिथे कुटुंबे वर्षानुवर्षे भोगवटा प्रमाणपत्राशिवाय राहत होती. दुसरीकडे शासन वेळोवेळी नियमितीकरणाची सोय करत आले आहे: गुंठेवारीसाठीचा (म्हणजे जमीन गुंठ्यागुंठ्याने पाडून विनापरवाना विकलेल्या भूखंडांसाठीचा) २००१ चा कायदा २०२१ मध्ये दुरुस्त करून डिसेंबर २०२० अखेरपर्यंतच्या गुंठेवारीला लागू करण्यात आला. घर घेणाऱ्याने त्यामुळे मंजूर नकाशा आणि ओसी स्वतः मागून पाहणे आवश्यक ठरते. मंजूर नकाशावरचे मजले आणि प्रत्यक्षातले मजले मोजून पाहायला कोणत्याही तज्ज्ञाची गरज लागत नाही.