नौदलाच्या जुन्या जेट विमानांवरील खुणा : पार्श्वभूमी

अमेरिकी नौदलाच्या जुन्या लढाऊ जेट विमानाचे छायाचित्र पाहताना नजर आधी शेपटीवरच्या ठळक अक्षरांकडे जाते आणि फसगतही बहुधा तिथेच होते. कारण ती अक्षरे त्या विमानाची नसून, ते त्या काळात ज्या एअर ग्रुपमध्ये, म्हणजे एका विमानवाहू नौकेवरील विमानांच्या गटात, होते त्या ग्रुपची असतात.

या पद्धतीचे मूळ दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षात आहे. जानेवारी १९४५ मध्ये प्रत्येक विमानवाहू नौकेच्या विमानांना पट्टे, त्रिकोण अशा भौमितिक खुणा ठरवून देण्यात आल्या. परंतु रेडिओवरून त्यांचे वर्णन करणे वैमानिकांना जड जाऊ लागले आणि त्याच वर्षी जुलैत त्यांची जागा अक्षरांनी घेतली. ही अक्षरे पुढे नौकेऐवजी तिच्यावरील एअर ग्रुपची ओळख ठरली. १९५७ मध्ये त्यांची नव्याने वाटणी होऊन अटलांटिक ताफ्याच्या एअर ग्रुपना ‘ए’ने आणि पॅसिफिक ताफ्याच्या एअर ग्रुपना ‘एन’ने सुरू होणारी दोन अक्षरी खूण मिळाली. त्यामुळे एखाद्या नौकेवरील विमानाच्या शेपटीवर एकच अक्षर असेल, तर ते छायाचित्र साधारणपणे या फेरबदलाच्या आधीचे मानता येते.

कोरियन युद्धात ‘एसेक्स’ या विमानवाहू नौकेवरील व्हीएफ-५१ या स्क्वाड्रनच्या, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकडीच्या, ग्रुमन पँथर जेट विमानांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात पुढे चंद्रावर उतरलेले नील आर्मस्ट्राँग ज्या विमानात आहेत, त्याच्या शेपटीवर ‘एस’ आणि नाकावर ११६ दिसते. ‘एस’वरून एअर ग्रुप कळतो, ११६ मधील पहिल्या १ वरून त्या ग्रुपमधील स्क्वाड्रन. मात्र ११६ हे त्या विमानाचे कायमचे नाव नव्हे. ते विमान गमावले किंवा दुरुस्तीला गेले, तर तोच आकडा दुसऱ्या पँथरवर रंगवला जाई. विमानाची जन्मभर टिकणारी ओळख म्हणजे ब्यूरो क्रमांक, अर्थात नौदलाने त्या एकाच विमानाला दिलेला अनुक्रमांक. तो शेपटीजवळ इतक्या बारीक आकड्यांत लिहिलेला असतो की सामान्य छपाईत वाचता येत नाही. म्हणूनच मूळ निगेटिव्हवरून केलेल्या स्कॅनला एवढे मोल आहे.

रंगावरून काळ ठरतो, पण ढोबळच. सुरुवातीची जेट विमाने चकचकीत गडद निळी होती आणि कृष्णधवल छायाचित्रात ती जवळजवळ काळी दिसतात. १९५५ पासून वर फिकट करडा व खाली पांढरा रंग देण्याचे ठरले, परंतु हे काम सुमारे दोन वर्षे रेंगाळल्यामुळे एकाच डेकवर दोन्ही रंगांची विमाने आढळतात. तारांकित राष्ट्रचिन्हाच्या बाजूच्या पांढऱ्या पट्ट्यांतील लाल रेघ जानेवारी १९४७ मध्ये आली. ती नसलेले नौदलाचे जेट दिसले, तर ते अगदी आरंभीच्या चाचण्यांच्या काळातले असण्याचा संभव मोठा.

ब्यूरो क्रमांकासोबत लिहिलेले प्रकारनामही जपून वाचावे लागते. सप्टेंबर १९६२ मध्ये तिन्ही सेनादलांची नामपद्धती एक झाली, तेव्हा ‘एफ८यू-१’ क्रुसेडर या नौदलाच्या लढाऊ विमानाचे ‘एफ-८ए’ झाले. सर्वांत जास्त गोंधळ ‘एफ४डी’चा होतो : हे १९६२ पूर्वी डग्लस स्कायरे या नौदलाच्या विमानाचे नाव होते, तर मधे आडवी रेघ असलेले ‘एफ-४डी’ हे हवाई दलाचे फँटम हे वेगळेच लढाऊ विमान. स्कायरेला नव्या पद्धतीत ‘एफ-६’ हे नाव मिळाले.

उलटी छापलेली निगेटिव्ह ही आणखी एक अडचण. अक्षरे वाचता येत असतील तर ती लगेच कळते. नसतील तर पंखाकडे पाहावे : या विमानांवर राष्ट्रचिन्ह वरच्या बाजूने फक्त डाव्या पंखावर आणि खालून फक्त उजव्या पंखावर असे. ते वरून उजव्या पंखावर दिसत असेल, तर छायाचित्र आरशातल्यासारखे उलटे झाले आहे असे धरून मगच पुढचा शोध सुरू करावा.