खाडीच्या गाळात खोल खड्डा: शेजारची जमीन किती खचेल?

वाशी, उलवे, शिवडी अशा खाडीकाठी तळघर खणायचे ठरले की बिल्डर आणि शेजारची सोसायटी एकच विचारतात: जमीन किती मिलिमीटर खचेल? आम्ही माती आणि पाया तपासणारे सल्लागार; आमच्या अहवालात याचे उत्तर एका आकड्यात मिळत नाही. कमीत कमी इतकी, जास्तीत जास्त इतकी, असे मिळते.

गाळ उपसला की खड्ड्याच्या तळावरचे ओझे जाते, बाहेरच्या मातीचे तसेच राहते. त्या दाबाने शोअर पाइलची (खड्ड्याच्या कडेने माती अडवणाऱ्या खांबांची) भिंत आत वाकते आणि तळ वर फुगतो. पाण्याने भरलेल्या मऊ मातीचे आकारमान थोड्या दिवसांत बदलत नाही. म्हणून जितकी माती आत सरकेल, साधारण तितकीच जमीन बाहेर खाली बसते. भिंत खोदाईच्या पातळीखालीही वाकते, आणि तिथे स्ट्रट (भिंतीला आतून टेकू देणारी आडवी तुळई) अजून लागलेला नसतो. नंतर लावलेल्या स्ट्रटने झालेले वाकणे भरून निघत नाही. उपशामुळे भूजल उतरले, तर पुढे महिनोन्‌महिने आणखी खचण होते, ती वेगळी.

पहिला अंदाज जुन्या मोजमापांवरून. मृदा अभियंते राल्फ पेक यांच्या १९६९च्या आलेखात अतिमऊ मातीत खचण खड्ड्याच्या खोलीच्या १ ते २ टक्क्यांपर्यंत जाते. ८ मीटर खड्ड्याला ८० ते १६० मिमी. त्या नोंदी बऱ्याचशा शीट पाइलच्या, म्हणजे पातळ, लवचीक पोलादी पत्र्यांच्या भिंतीच्या काळातल्या. जाड भिंत आणि वेळेवर स्ट्रट असतील, तर आकडा बराच खाली येतो. क्लफ आणि ओरूर्क या अभियंत्यांच्या १९९०च्या पद्धतीत कमाल खचण भिंतीपासून खोलीच्या पाऊणपट अंतरापर्यंत धरतात आणि दुप्पट अंतरावर शून्य. आपल्या उदाहरणात ६ आणि १६ मीटर. शेजाऱ्यांची कंपाउंड भिंत बहुधा पहिल्या पट्ट्यातच येते. त्यांची इमारत खडकापर्यंतच्या पाइलवर असेल तर ती सहसा हलत नाही. ड्रेनेजची पाइप आणि पायऱ्या मात्र तुटतात, आणि भांडणे त्यावरूनच होतात.

तळ फुगण्याविरुद्धची सुरक्षितता (मातीची ताकद लागणाऱ्या ताकदीच्या किती पट आहे ते) दीडपटीखाली घसरली, की हालचाल झपाट्याने वाढते. त्यासाठी मातीची खरी ताकद हवी. एसपीटी चाचणीत हातोड्याने दांडा मातीत ठोकतात आणि लागलेल्या ठोक्यांच्या आकड्याला ‘एन’ म्हणतात; या गाळात तो दांडा कधी कधी आपल्याच वजनाने रुततो. ‘एन शून्य’ लिहिलेल्या सॉइल रिपोर्टवर आम्ही डिझाइन करत नाही. व्हेन शिअर चाचणी, म्हणजे मातीत पाती फिरवून ताकद मोजणे, लागतेच.

खचणीचा हिशोब करणारे सॉफ्टवेअरही मातीच्या चुकीच्या ताकदीवर चुकीचेच उत्तर देते. सिंगापूरच्या निकोल हायवेजवळ २० एप्रिल २००४ रोजी मेट्रोचा सुमारे ३० मीटर खोल खड्डा कोसळून ४ जण गेले. मॉडेलने मऊ मातीची ताकद जास्त धरली होती, स्ट्रटचे सांधेही कमकुवत होते. भिंत अंदाजापेक्षा जास्त वाकत होती आणि अंदाजच वाढवून घेतला जात होता. म्हणून थांबण्याची मर्यादा आम्ही खोदाईआधी लेखी ठरवतो. इनक्लिनोमीटरचे (भिंत किती वाकली ते मोजणाऱ्या उपकरणाचे) वाचन तिच्यापुढे गेले तर पुढचा थर उपसायचा नाही, स्लॅबची तारीख काहीही असो.

आमच्याकडे येताना बोअरहोलचे लॉग (जमिनीत भोक पाडून नोंदवलेले मातीचे थर), शेजारच्या पायाचे नकाशे आणि भिंतींवरच्या आधीच्या तड्यांचे तारीखवार फोटो आणा. फोटो शेजाऱ्यांसमोरच काढा.