429 कोटींची संख्या आणि 641

पाच उदाहरणे जुळली की नियम सिद्ध झाला, असा आपला समज असतो. खुद्द फ्रेंच गणिती फर्माही त्यात फसला. 2, 4, 16, 256, 65536 (प्रत्येक संख्या आधीच्या संख्येचा वर्ग) यांत 1 मिळवला की 3, 5, 17, 257, 65537 मिळतात. पाचही मूळ संख्या. पुढच्याही सगळ्या मूळच असणार, असे त्याचे 1640 च्या सुमाराचे मत. सहावी संख्या 2³² + 1, म्हणजे 4,29,49,67,297. तिला 641 ने पूर्ण भाग जातो, हे 1732 मध्ये स्विस गणिती ऑयलरने दाखवले. सहावीपासून पुढे आजवर एकही मूळ सापडलेली नाही.

पण 641 नेमका हाती लागला कसा? संख्या मूळ नसेल तर तिचा एक तरी मूळ भाजक वर्गमूळापर्यंत सापडतोच. इथे वर्गमूळ 65536 च्या जरासे पुढे आणि तिथपर्यंत मूळ संख्या 6542. ओळीने भागत बसायची गरज नाही. p हा मूळ भाजक असेल तर 2³² ला p ने भागून बाकी −1 (म्हणजे p−1) उरते. वर्ग केला की 2⁶⁴ ची बाकी 1. 2 चे घात p ने भागत गेल्यास बाक्यांचे चक्र फिरते. ते 64 पायऱ्यांचेच असते, कारण त्याच्या लांबीने 64 ला भाग जातो, आणि ते त्याआधी पूर्ण झाले असते तर 32 लाही भाग जाऊन 32 व्या पायरीवरही 1 च आला असता. चक्राच्या लांबीने p−1 ला भाग जातोच. ही शेवटची गोष्ट फर्माच्याच छोट्या प्रमेयातून (2 च्या p−1 व्या घाताला विषम मूळ संख्या p ने भागून बाकी 1 उरते) निघते! म्हणून p = 64k + 1. या रूपातल्या मूळ संख्या 193, 257, 449, 577, 641. पाचव्या प्रयत्नात काम फत्ते.

भागाकारही टाळता येतो. 641 = 5 × 2⁷ + 1, म्हणून 5 × 2⁷ ची बाकी −1; चौथा घात घेतला की 5⁴ × 2²⁸ ची बाकी 1. शिवाय 641 = 5⁴ + 2⁴, म्हणून 5⁴ च्या जागी −2⁴ चालतो. मग −2³² ची बाकी 1, अर्थात 2³² + 1 ची शून्य.

दुसरा अवयव 6700417. त्याचे वर्गमूळ सुमारे 2588. त्याचा प्रत्येक मूळ भाजक 2³² + 1 चाही भाजक, म्हणून 64k + 1 याच रूपाचा. पुढे फ्रेंच गणिती लुकाने 64 ऐवजी 128 चालतो (p = 128k + 1) हे सिद्ध केले, त्यामुळे 257, 641, 769, 1153, 1409 एवढेच तपासायचे. बाक्या अनुक्रमे 170, 44, 120, 334, 622. म्हणजे तो मूळ.

अंकज्योतिषी 4,29,49,67,297 चे अंक मिळवून 59, मग 14, मग 5 काढतील आणि बुधाचा प्रभाव सांगतील. त्या 5 मधून एवढेच कळते की 9 ने भागल्यावर बाकी 5 उरते. 641 चा त्यात मागमूस नाही.

संगणकावर पडताळताना मात्र जपा. 32 बिटांच्या चिन्हरहित (unsigned) पूर्णांकात 4294967295 पर्यंतच मावते. त्यात 2³² + 1 साठवायला गेलात तर 1 उरतो आणि प्रोग्राम निमूटपणे चुकीचे उत्तर देतो. 64 बिटांचा प्रकार घ्या.