इग्वाना पालन (पुणे)

मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या उष्ण प्रदेशांत झाडांवर राहणारा हिरवा इग्वाना हा मोठा सरडा घरात पाळण्याची पद्धत. पुण्यात विदेशी प्राणी पाळणाऱ्यांमध्ये तो परिचित आहे. तळहातावर मावणारे हिरवेगार पिल्लू विकत घेतले जाते. मात्र नीट वाढलेला नर शेपटीसह दीड ते दोन मीटर लांब होतो, त्याचे वजन चार-पाच किलोंपर्यंत जाते आणि चांगल्या देखभालीत तो पंधरा-वीस वर्षे जगतो. हा हिशेब पिल्लू घेण्याआधीच मांडायला हवा.

सिंहगडाच्या आख्यायिकेमुळे पुणेकरांना मोठा सरडा म्हटले की घोरपड आठवते. दोघांत गल्लत करू नये. घोरपड मांसाहारी असून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ती पकडणे व बाळगणे गुन्हा आहे. इग्वाना पूर्णपणे शाकाहारी आहे. त्याचा समावेश वन्य जीवांच्या व्यापाराविषयीच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे, २०२२ मधील कायदा-दुरुस्ती आणि २०२४ मधील नियमांनुसार त्याची नोंदणी ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळामार्फत राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करावी लागते.

इग्वानाच्या साऱ्या गरजांच्या मुळाशी ऊन आहे. तो शरीराची उष्णता स्वतः निर्माण करत नाही. त्याच्या मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीव पाला आंबवून पचवतात आणि त्यासाठी अंग तापलेले असावे लागते. ऊन खाण्याच्या जागी ३५ ते ३८ अंश सेल्सिअस, इतरत्र २६ ते ३० अंश, अशी उतरती उष्णता ठेवली की तो जागा बदलून आपले तापमान सांभाळतो. पुण्याच्या उन्हाळ्यात याची वानवा नसते. अडचण येते ती हिवाळ्यात. डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री पारा दहा अंशांखाली जातो आणि तेव्हा थर्मोस्टॅट लावलेला सिरॅमिक हीटर आवश्यक ठरतो. गारठलेला इग्वाना काळपट दिसतो, हलत नाही, खात नाही. खाल्लेच तर ते पोटात पडून राहते.

उन्हाचे दुसरे काम हाडांचे. त्यातील यूव्हीबी या अतिनील किरणांमुळे त्वचेत जीवनसत्त्व ड३ तयार होते आणि त्याच्या आधाराने कॅल्शियम शरीरात शोषले जाते. खिडकीची काच हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते, त्यामुळे बंद खिडकीत मिळणारे ऊन उबेपुरतेच उपयोगी. जाळी लावलेल्या गॅलरीतले कोवळे ऊन सर्वांत उत्तम, मात्र शेजारी सावली हवीच. काचेची पेटी कधीही उन्हात ठेवू नये. ती काही मिनिटांत भट्टीसारखी तापते आणि प्राणी दगावतो. गॅलरी नसेल तर यूव्हीबी दिवा रोज दहा-बारा तास लावावा लागतो. त्याचा उजेड दिसत राहिला तरी किरण क्षीण होत जातात, म्हणून तो ठरावीक काळाने बदलावा.

ही बाजू दुर्लक्षिली की मुडदुशीसारखा हाडांचा आजार होतो. पाळीव इग्वानांच्या मृत्यूचे हे एक मोठे कारण, आणि खरे तर टाळता येण्याजोगे. त्याचे सुरुवातीचे रूप फसवे असते. हाडांतले कॅल्शियम कमी होऊन त्या जागी तंतुमय ऊती वाढतात, मांड्या जाड दिसतात आणि घरच्यांना प्राणी बाळसे धरतोय असे वाटते. पुढे जबडा मऊ पडतो, बोटे थरथरतात, मागचे पाय ओढत चालणे सुरू होते. थरथर दिसताच सरीसृपांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडून एक्स-रे काढून घ्यावा.

आहाराच्या बाबतीत पुणे सोयीचे आहे. मंडईत सहज मिळणारा शेवग्याचा पाला, लसूणघास, जास्वंदीची पाने-फुले, लाल भोपळा, फरसबी हे चांगले खाद्य. पुरंदरचे अंजीर कॅल्शियमयुक्त असल्याने अधूनमधून द्यायला उत्तम फळ. अन्नात फॉस्फरसच्या सुमारे दुप्पट कॅल्शियम असावे. पालक, चाकवत, राजगिरा यांतील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते. त्यांवर भर देऊ नये. अळू तर नकोच. लवकर वाढावा म्हणून अंडी किंवा किडे घातल्यास मूत्रपिंडांवर ताण येतो.

प्रौढ प्राण्याला किमान सहा फूट उंच, सहा फूट लांब व तीन फूट खोल पिंजरा आणि त्यात चढायला जाड फांद्या हव्यात. त्याला ६० ते ८० टक्के आर्द्रता लागते. पावसाळ्यात ती आपोआप मिळते, मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी मात्र पाणी फवारावे लागते. नाहीतर शेपटीच्या टोकाला कात अडकून रक्तप्रवाह थांबतो. नाकातून उडणारे पांढरे शिंतोडे म्हणजे शरीराबाहेर टाकलेले क्षार, सर्दी नव्हे.

कुरवाळताना डोळे मिटणारा इग्वाना सुखावला आहे असे समजले जाते. बहुधा तो त्रास टाळत असतो. मान हलवणे, गळ्याखालची कातडी ताणणे, अंग चपटे करणे हे इशारे ओळखून हात मागे घ्यावा. शेपटीचा फटका जोराचा बसतो. शेपटीला धरले तर ती तुटू शकते. विणीच्या हंगामात नर नारिंगी छटेचा आणि आक्रमक होतो. मादी नराविनाही अंडी घालते, त्यामुळे तिला उकरण्याजोग्या ओलसर मातीची पेटी द्यावी. अंडी पोटात अडकणे जिवावर बेतते. विष्ठेत माणसाला आजारी पाडणारे साल्मोनेला जिवाणू असू शकतात. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि लहान मुलांकडे विशेष लक्ष द्यावे.

सांभाळणे अशक्य झाल्यास इग्वाना कात्रजच्या किंवा ताम्हिणीच्या जंगलात सोडू नये. फ्लोरिडा, पोर्तो रिको आणि तैवान येथे सोडलेल्या-निसटलेल्या इग्वानांची रानटी प्रजा माजली आहे. पुण्याच्या थंडीत तशी प्रजा वाढली नाही तरी सोडलेला एकटा प्राणी उपाशी, गारठून मरतो. मालकी बदलायची असेल तर नव्या पालकाची नोंद वन्यजीव रक्षकांकडे करून, पिंजरा आणि दिव्यांसह तो हवाली करावा.