मायक्रोब्लॉगिंगद्वारे परकीय भाषांचे अध्यापन : कोकण किनारा

चार-दोन ओळींत संपणाऱ्या सार्वजनिक नोंदी लिहायला, वाचायला आणि त्यांना उत्तर द्यायला लावून परकी भाषा शिकवण्याची पद्धत. ट्विटर (२००६, जुलै २०२३ पासून ‘एक्स’), चीनमधील वेईबो (२००९), मॅस्टोडॉन (२०१६) आणि थ्रेड्स (२०२३) ही तिची प्रमुख माध्यमे. वर्गातील धड्याची जागा ती घेत नाही. पानात तोंडी लावण्याची असते तेवढीच तिची जागा.

लांबीची मर्यादा हा पद्धतीचा गाभा होय. एसएमएसच्या १६० अक्षरांतून २० नावासाठी राखून ट्विटरने १४० ठेवली होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती २८० झाली; जपानी, चिनी व कोरियन लिहिणाऱ्यांना मात्र १४० च राहिली, कारण तेवढ्यात त्यांचे पुष्कळ सांगून होते. देवनागरीत काना, मात्रा, हलन्त सुटे मोजले जातात. ‘स्त्री’ डोळ्याला एक अक्षर, मोजणीत सहा. पैसे भरणाऱ्यांना आता एक्सवर याहून पुष्कळ लांब लिहिता येते, पण शिकणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. जागा अपुरी पडली की तो वाक्य खोडतो, पुन्हा जुळवतो, आणि तिथेच त्याला आपले काय कच्चे आहे ते कळते. भाषा वापरताना अडखळण्याचे हे महत्त्व भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडले होते, ट्विटरच्या कितीतरी आधी.

कोकणाला परक्या भाषांचे वावडे कधीच नव्हते. पगार, साबण, चावी, बटाटा, काजू हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. रायगड जिल्ह्यातील कोर्लई गावात पोर्तुगीजांपासून उपजलेली ‘नो लिंग’ (आमची भाषा) अजून घराघरांत बोलली जाते. पोर्तुगीज तिथून १७४० मध्ये गेले. आजची निकड वेगळी आहे : जहाजावरची नोकरी, आखात, तारकर्लीसारख्या ठिकाणचे पर्यटन, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत केलेला करार. जर्मन शिकवणारी मॅक्सम्युलर भवने मात्र मुंबई-पुण्यात. देवगडच्या मुलाला रोजचे जाणे-येणे अशक्य. त्याच्यासाठी फोनवरची नोंद हाच सरावाचा कट्टा ठरू शकतो.

समजा, शिक्षिकेने हर्णैच्या किनाऱ्यावरील मासळीच्या लिलावाचे छायाचित्र टाकले आणि प्रत्येकाला एक जर्मन वाक्य मागितले. मराठी मुलाला तीन लिंगे नवी नाहीत. इंग्रजीतून जर्मनकडे जाणाऱ्यापेक्षा तो इथे पुढे असतो. मासा पुल्लिंगी, जर्मनमध्येही ‘देअर फिश’. जाळे नपुंसकलिंगी, तिकडेही ‘दास नेट्स’. इथवर सगळे सुरळीत. मग येते बोट. आपल्याकडे ती बोट पाण्यात चालते आणि ते बोट हाताला असते. जर्मनमध्ये पाण्यातलेच ‘ते’, म्हणजे ‘दास बोट’. मुलगा हमखास स्त्रीलिंगी ‘दी बोट’ लिहितो. शिक्षिका चूक दाखवत नाही, ‘या, दास बोट इस्ट ग्रोस’ (हो, बोट मोठी आहे) एवढेच उत्तर देते. बरोबर रूप सगळ्या वर्गाच्या नजरेखालून जाते, कुणाचा पाणउतारा होत नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत त्याच होड्या झावळांनी शाकारलेल्या असतात. तेव्हा तेच चित्र भूतकाळात लिहायला देता येते.

जपानीत वेगळी सोय आहे. ‘वाताशी वा साकाना ओ ताबेमासु’, म्हणजे मी मासे खातो : कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद, अगदी मराठीसारखे.

उणिवा ढळढळीत आहेत. उच्चार या मार्गाने येत नाही. भाषांतराचे बटण नोंदीखालीच असते, आणि यंत्राकडून लिहून घेतलेले वाक्य ओळखणे सोपे राहिलेले नाही. सार्वजनिक खात्यावर टवाळखोर येतात. खाते बंदिस्त केले तर तिऱ्हाइताने वाचण्याचा, म्हणजे या पद्धतीतल्या खऱ्या लाभाचा, मार्ग बुजतो. प्रौढांनी उघडे खाते ठेवावे, शाळकरी मुलांसाठी बंदिस्तच बरे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची संमती लागते, हेही ध्यानात ठेवावे. माध्यमाचाही भरवसा नाही : शाळांसाठी २००८ मध्ये निघालेले एडमोडो २०२२ मध्ये बंद झाले. निवडक नोंदी वहीत उतरवून ठेवणे शहाणपणाचे.

रेंजचा प्रश्न कोकणात वेगळा सांगायला नको. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीत कित्येक गावे दिवसेंदिवस संपर्काबाहेर होती. एरवीही खालच्या वाडीत व्हिडिओ अडकतो, दोन ओळींची नोंद मात्र निघून जाते. तीही गेली नाही तर फोनमध्ये लिहून ठेवतात आणि सड्यावर (वरच्या माळावर) गेल्यावर पाठवतात. शिक्षिकेचे उत्तर वाचायला मग दुसरा दिवस उजाडतो, आणि काल लिहिलेले वाक्य ताज्या नजरेने वाचताना ‘दी बोट’ आपल्या आपण खटकते.