आंतरखंडीय व्यापारमार्ग आणि मराठवाडा

एका खंडातला माल दुसऱ्या खंडात लवकर आणि कमी खर्चात पोचावा म्हणून बरेच देश मिळून बंदरं, रेल्वे, हायवे, गोदामं, केबल असं सगळं एका पट्ट्यात उभं करतात, त्याला आंतरखंडीय व्यापारमार्ग किंवा सरळ कॉरिडॉर म्हणतात. सगळ्यात मोठा म्हणजे चीनचा बेल्ट अँड रोड, शी जिनपिंग यांनी २०१३ ला आधी कझाकस्तानात आणि मग इंडोनेशियात जाहीर केलेला. भारत त्यात नाही, कारण त्याचा पाकिस्तानातला फाटा भारत आपला मानतो त्या गिलगिट-बाल्टिस्तानातून जातो. भारत ज्यात आहे ते दोन मुख्य, एक रशिया-इराणसोबतचा उत्तर-दक्षिण कॉरिडॉर, करार २००० चा, लांबी साधारण ७,२०० किमी, आणि दुसरा ९ सप्टेंबर २०२३ ला दिल्लीच्या जी-२० परिषदेत जाहीर झालेला भारत-मध्यपूर्व-युरोप कॉरिडॉर, म्हणजे इथून जहाजानं आखातात, तिथून रेल्वेनं इस्राएलच्या हैफापर्यंत आणि पुन्हा जहाजानं युरोपात. तो जाहीर होऊन महिना होत नाही तोच गाझाचं युद्ध सुरू झालं आणि काम रखडलं.

मराठवाड्याला समुद्र नाही, मग इथं याचा काय संबंध असं वाटू शकतं, पण संबंध आजचा नाही, दोन हजार वर्षांचा आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्यानं लिहिलेल्या पेरिप्लस नावाच्या वर्णनात पैठण आणि तगर म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, या दोन्ही बाजारपेठांची नावं आहेत. पैठणहून गोमेदासारखे दगड, तेरहून जाडंभरडं कापड आणि मलमल, सगळं गाड्यांवर लादून अवघड वाटेनं गुजरातच्या भडोच बंदराला जायचं आणि तिथून रोमकडं. भडोच ते पैठण २० दिवस आणि पैठण ते तेर आणखी १० दिवस असा हिशोब त्यात दिलाय. तेरला सापडलेली हस्तिदंती बाहुली इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या बाहुलीशी जुळती आहे, तेरच्या म्युझियममध्ये जाऊन या वस्तू बघाच.

आता आजचं बघू, आणि त्यासाठी तुरीसारखं दुसरं उदाहरण नाही. २०१५ ला मराठवाड्यात आणि देशात बऱ्याच ठिकाणी दुष्काळ पडला, तूर आली नाही, तूरडाळ २०० रुपये किलोच्या आसपास गेली. मग जुलै २०१६ मध्ये भारतानं आफ्रिकेतल्या मोझांबिकशी करार केला की तिकडून डाळी घेऊ, पहिल्या वर्षी १ लाख टन आणि २०२०-२१ पर्यंत वाढवत २ लाख टन. तिथले छोटे शेतकरी तूर लावतात ती बहुतेक आपल्यासाठीच, त्यांच्या जेवणात तिला फारशी जागा नाही, आणि उत्तर मोझांबिकची अन् शेजारच्या मलावीची तूर नकाला बंदरातून निघते, जे बंदर सुधारायला जपाननं पैसा दिलाय. इकडं २०१६ ला पाऊस चांगला झाला, आपल्या शेतकऱ्यानं भाव बघून तूर भरपूर लावली, विक्रमी पीक आलं आणि लातूर, उदगीरपासून सगळ्या मोंढ्यांत भाव क्विंटलला ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली गेला. खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या, बारदाना नाही म्हणून मापं थांबली. मग ऑगस्ट २०१७ ला सरकारनं तुरीच्या आयातीवर कोटा लावला, आणि त्या एका निर्णयानं मोझांबिकच्या शेतकऱ्याचा भाव कोसळला, ज्याला आपणच लाव म्हणून सांगितलं होतं. २०२१ ला आयात परत खुली झाली आणि २०२५ च्या सुरुवातीला इथली तूर परत ७,५५० च्या हमीभावाखाली विकली गेली.

जागतिकीकरण म्हणजे काय हे मला तरी या तुरीतूनच सगळ्यात नीट कळतं. बंदर सुधारलं, जहाज वेळेवर आलं, शहरातल्या गिऱ्हाइकाला डाळ परवडली, हे सगळं चांगलंच आहे, गरिबाच्या ताटातली डाळ ही लहान गोष्ट नाही. पण लातूरचा कोरडवाहू शेतकरी आणि मोझांबिकचा शेतकरी, दोघांचाही भाव दिल्लीतल्या एका नोटिफिकेशनवर ठरतो आणि दोघांकडंही माल ठेवायला गोदाम नाही, त्यामुळं भाव पडला तरी विकावंच लागतं. कापसाचंही तेच, अमेरिकेच्या टॅरिफमुळं कापड कारखान्यांची निर्यात अडचणीत आली म्हणून ऑगस्ट २०२५ ला कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, म्हणजे बरोबर आपला कापूस घरात यायच्या दिवसांत.

सर्वसमावेशक विकास म्हणजे वाढीचा वाटा खालपर्यंत जाणं, आणि तो रस्ता झाला की आपोआप जातो असं जगात कुठं दिसत नाही. वर्ल्ड बँकेनं २०१९ ला बेल्ट अँड रोडचा हिशोब मांडला, ७६ लाख लोक अतिगरिबीतून वर येऊ शकतात असं सांगितलं, पण सोबत धोरणं सुधारली तर, कर्ज पारदर्शक असलं तर, अशा अटी घातल्या. श्रीलंकेनं हंबनटोटा बंदर कर्ज काढून बांधलं, तिथं पुरेशी जहाजं येईनात, आणि २०१७ ला ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं चिनी कंपनीला गेलं.

मराठवाड्यातून अशा मार्गांना जोडणारा मुख्य धागा म्हणजे समृद्धी महामार्ग, ७०१ किमी, नागपूर-शिर्डी डिसेंबर २०२२ ला आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. त्यावर चढता-उतरता येतं फक्त इंटरचेंजवर, त्यामुळं ज्या गावाजवळ इंटरचेंज आहे त्याला रस्ता आहे आणि मधल्या गावाला नुसती भिंत आहे, हे त्या पट्ट्यात फिरलेल्या कुणालाही दिसतं. फायदा जास्त दिसतो तो जालना आणि छत्रपती संभाजीनगरला. जालन्यात भंगार वितळवून सळई बनवणारे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत, संभाजीनगरजवळ शेंद्रा-बिडकीनला दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधलं १०,००० एकरांचं ऑरिक हे औद्योगिक शहर उभं राहतंय. जालन्याच्या ड्राय पोर्टचं भूमिपूजन २०१५ ला झालं. ड्राय पोर्ट म्हणजे कस्टमचं काम इथंच उरकून कंटेनर सील करायचा आणि रेल्वेनं थेट मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदराला पाठवायचा, पण या कामाला एवढी वर्षं लागली की तोवर समृद्धी बांधून सुरूही झाला. पालघरजवळ वाढवण बंदराचं भूमिपूजन ऑगस्ट २०२४ ला झालं, खर्च ७६,००० कोटींच्या वर, आणि युरोपच्या कॉरिडॉरचं ते एक दार असेल असं सरकार म्हणतं.

बाकीचा मराठवाडा अजून या नकाशाच्या कडेला आहे. मनमाड-सिकंदराबाद लाइन निजामाच्या काळातली, १९०० च्या सुमाराला सुरू झालेली, शतक उलटलं तरी बरीचशी एकेरीच राहिली. अहिल्यानगर-बीड-परळी ही २६१ किमीची लाइन १९९५ ला मंजूर झाली आणि बीड शहरात पहिली रेल्वे आली १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनाला. मधल्या तीस वर्षांत बीडचे ऊसतोड कामगार ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसून कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातच राहिले. वसमतच्या हळदीला, जालन्याच्या मोसंबीला, बीडच्या सीताफळाला, मराठवाड्याच्या केसर आंब्याला जीआय टॅग, म्हणजे त्या भागाच्या नावाची कायदेशीर ओळख, मिळालेत, म्हणजे परदेशात नावानं विकता येईल असा माल इथं आहे. त्यासाठी लागतं ते हिंगोली-बीडसारख्या जिल्ह्यांत कोल्ड स्टोरेज, ग्रेडिंग-पॅकिंगची सोय, तारण ठेवून कर्ज मिळेल अशी वखार आणि मालगाडी थांबेल असं स्टेशन, आणि हे सगळं मोठ्या बंदरांच्या खर्चापुढं फार लहान आहे.